बॉनेटची उंची

आता हे बॉनेट बघा. युद्धातल्या जीपपेक्षा उंच आहे ना? १९५३ साली विलीसने जुन्याच बांध्यात नवं हरिकेन इंजिन बसवलं. त्याचे इनटेक व्हॉल्व्ह वर, हेडमध्ये. इंजिन उंच झालं, म्हणून बॉनेट उचलावं लागलं. हीच सीजे-थ्री-बी महिंद्राने आपल्याकडे वर्षानुवर्षं बनवली. पुढे पेट्रोल भडकलं आणि गॅरेजवाले तिच्यात डिझेल इंजिन घालू लागले. खरी कसरत गिअरबॉक्सची! नवा बॉक्स लांब असला की ट्रान्सफर केस मागे सरकते. मग मागचा प्रॉपेलर शाफ्ट कापून आखूड करायचा, पुढचा वाढवायचा. माप चुकलं की गाडीभर थरथर. आणि २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, कंपनीच्या मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल चालणार नाही. विलीसने केला, त्याला आपण नवं मॉडेल म्हणतो.