एपिसोड १९ : कॉम्प्युटरनं काढलं की तिनं? डिजिटल पेंटिंगची गोष्ट

(हा आजच्या एपिसोडचा लेखी भाग आहे. बोलताना जिथे अडखळलो आणि जिथे शेजारच्या कुत्र्यानं मत मांडलं, तेवढं काढून टाकलंय. बाकी जसंच्या तसं.)

लोकलमध्ये असाल तर एक कान उघडा ठेवा, स्टेशन चुकेल.

आजची गोष्ट एका फोनवरून सुरू झाली. माझी मावसबहीण आर्ट कॉलेजला दुसऱ्या वर्षाला आहे. शाळेत असताना एलिमेंटरी, इंटरमिजिएट दोन्हीत ए ग्रेड. वस्तुचित्र, स्मरणचित्र, सगळ्यात हात चालणारी मुलगी. गेल्या वर्षी तिनं पैसे साठवून एक छोटा पेन टॅबलेट घेतला, माझा जुना लॅपटॉप नेला आणि त्यावर क्रिता टाकलं. क्रिता म्हणजे फुकट मिळणारं, ओपन सोर्स पेंटिंग सॉफ्टवेअर. रात्र रात्र बसून शिकली.

मग एका असाइनमेंटला तिनं आजीचं पोर्ट्रेट डिजिटल काढलं. सरांनी प्रिंट बघितली, बाजूला ठेवली आणि म्हणाले, "हे कॉम्प्युटरनं काढलंय. तू काढलेलं आण."

रात्री साडेअकराला हिचा फोन. रडत नव्हती, पण आवाज बसलेला. म्हणाली, "दादा, तू तर कॉम्प्युटरवाला आहेस. खरं सांग, मी चीटिंग केलं का?"

आता मी दिवसभर जावामध्ये बॅकएंड लिहिणारा माणूस. मला चित्रातलं काय कळतं? पण यातला कॉम्प्युटर नेमकं काय करतो हे तरी मला शोधता येईल ना? म्हणून मी वाचत बसलो. जे सापडलं ते आज तुम्हाला सांगतो.

मशीन नव्हतं तेव्हाचे लेयर

सुरुवात कॅलिफोर्नियातून करणार होतो, पण आधी आपल्या मळवलीला थांबू. लोणावळ्याच्या अलीकडे, लोकलचं स्टेशन आहे बघा.

राजा रविवर्म्यानं १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला आणि पुढे तो मळवलीला गेला. आपल्या पणजीच्या देवघरात जी लक्ष्मी-सरस्वती होती ना, ती बहुतेक अशाच छापखान्यांतून आलेली. ती छपाई दगडावर व्हायची. एका रंगासाठी एक दगड. पिवळ्याचा वेगळा, लालचा वेगळा, निळ्याचा वेगळा. एकच कागद या सगळ्या दगडांवरून जायचा आणि रंगावर रंग बसत चित्र पूर्ण व्हायचं. एक दगड जरा सरकला की देवीचे ओठ गालावर.

म्हणजे एक चित्र सुटं करायचं, थर वेगळे ठेवायचे आणि मग एकावर एक चढवायचे, ही युक्ती कॉम्प्युटरची नाहीच. ती छापणाऱ्यांची आहे. आणि त्याच छापखान्यात काही काळ काम केलेला एक माणूस तुम्हाला माहीत आहे. दादासाहेब फाळके. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेले. त्यांनी पुढे काय केलं ते मी सांगायला नको.

"चालतंय! म्हणजे, तसं बरंचसं"

आता चला कॅलिफोर्नियात. पालो आल्टो गावात झेरॉक्स कंपनीची एक संशोधन प्रयोगशाळा होती, झेरॉक्स पार्क. हो, तीच झेरॉक्स, जिच्या नावानं आपण अजून आधार कार्डाची कॉपी काढतो.

तिथे रिचर्ड शूप नावाचा इंजिनियर होता. त्यानं १९७२-७३ मध्ये एक मशीन बनवलं, सुपरपेंट. त्यात अख्खं चित्र मेमरीत ठेवता यायचं. आज हे ऐकून तुम्ही म्हणाल, त्यात काय? पण तेव्हा मेमरी सोन्याच्या भावाची. साधारण ६४० बाय ४८० ठिपके, प्रत्येक ठिपक्याला ८ बिट, म्हणजे एका वेळी २५६ रंग. गुणाकार करा, ३००केबीच्या आसपास. व्हॉट्सअ‍ॅपवर येणारी "शुभ सकाळ" कधी कधी याहून मोठी असते. एवढ्याशा मेमरीसाठी त्यानं चिपांनी भरलेले बोर्डच्या बोर्ड जोडले. हातात पेन, खाली टॅबलेट, समोर रंगीत टीव्ही. ब्रश निवडा, रंग निवडा, काढा.

एप्रिल १९७३ मध्ये त्या मशीननं पहिलं चित्र धरलं. त्यात शूप स्वतः एक पाटी घेऊन उभा आहे. पाटीवर लिहिलंय त्याचा आपल्या भाषेत अर्थ असा, की चालतंय! म्हणजे, तसं बरंचसं. ज्यानं कधी शुक्रवारी संध्याकाळी कोड प्रॉडक्शनला टाकलाय, त्याला या माणसाला मिठी मारावीशी वाटेल.

पगारावर नाही, पर्चेस ऑर्डरवर

या गोष्टीतलं दुसरं पात्र अल्वी रे स्मिथ. हा न्यूयॉर्कला विद्यापीठात शिकवायचा. स्कीइंग करताना पाय मोडला, तीन महिने प्लास्टरमध्ये पडून राहिला आणि पडल्या पडल्या ठरवलं की हे आयुष्य आपलं नाही. त्याला लहानपणापासून चित्रांचा नाद, आणि कॉम्प्युटर तर येतच होता. नोकरी सोडली, कॅलिफोर्निया गाठलं. १९७४ मध्ये मित्र म्हणून शूपनं त्याला सुपरपेंट दाखवलं आणि हा तिथेच अडकला.

पण कंपनीत नवी जागा नव्हती. मग काय केलं? त्याला नोकरीवर घेतलंच नाही. पर्चेस ऑर्डर काढली! खुर्ची, टेबल, अल्वी रे स्मिथ. कॉन्ट्रॅक्टवर काम करणाऱ्या माझ्या मित्रांनो, ही परंपरा जुनी आहे.

तिथे त्यानं एक काम केलं, जे आज तुमच्या फोनमध्येही आहे. कॉम्प्युटरला रंग कळतो तो लाल-हिरवा-निळा अशा तीन आकड्यांत. आता आजीच्या गालाचा रंग सांगा बरं आकड्यांत! लाल २२४, हिरवा १७२, निळा १०५? कुठला चित्रकार असा विचार करतो? चित्रकार म्हणतो, रंग कुठला, तो किती भडक आणि किती उजळ. स्मिथनं नेमके हेच तीन प्रश्न गणितात बसवले. ह्यू, सॅच्युरेशन, व्हॅल्यू. एचएसव्ही. कलर पिकरमध्ये जे चक्र किंवा चौकोन दिसतो, त्याच्या मागे बऱ्याचदा हेच गणित असतं.

इथे मी थांबलो आणि बहिणीला मेसेज टाकला : "हे बघ, चित्रकाराला मशीनसारखा विचार करायला लावलं नाही. मशीनला चित्रकारासारखं बोलायला शिकवलं." तिनं फक्त एक अंगठा पाठवला. राग गेला नव्हता.

आणि मग झेरॉक्सनं काय केलं माहितीये? ऑफिसात काळी-पांढरी कागदपत्रं असतात, रंगाचं काय काम, असं वरच्यांचं मत पडलं. १९७५ च्या सुरुवातीला स्मिथला नारळ मिळाला. पर्चेस ऑर्डर होती, रिन्यू केली नाही, संपलं.

गंमत पुढे आहे. १९८३ मध्ये सुपरपेंटला एमी पुरस्कार मिळाला, शूपला आणि सोबत झेरॉक्सलाही! ज्या रंगाचं काम नाही म्हणाले, त्याच रंगाचं बक्षीस.

लेयर आणि मल्टिप्लाय : आतमध्ये काय चालतं

स्मिथ न्यूयॉर्कजवळच्या एका तंत्रशिक्षण संस्थेत गेला, एनवायआयटीमध्ये. तिथे १९७७ च्या सुमारास त्यानं आणि एड कॅटमलनं एक साधी पण भारी कल्पना काढली. प्रत्येक ठिपक्याला तीन रंगांसोबत चौथा आकडा द्यायचा, की हा ठिपका किती पारदर्शक. त्याला म्हणतात अल्फा. हेच दोघं पुढे ज्या टोळीतून १९८६ मध्ये पिक्सार उभी राहिली, त्या टोळीतले.

अल्फा कळला की लेयर कळतो. मळवलीचा दगड अपारदर्शक. इथे काच आहे, आणि तिच्यावर कुठे किती रंग हे तुम्ही ठरवता. १९८४ मध्ये टॉम पोर्टर आणि टॉम डफ यांनी एका थरावर दुसरा कसा चढवायचा याचे नियम लिहून काढले, ते आजही वापरात आहेत.

आता "मल्टिप्लाय". बहीण सावलीसाठी हाच मोड वापरते. त्यात जादू शून्य. नाव आहे तेच काम, गुणाकार. काळा म्हणजे ०, पांढरा म्हणजे १. वरचा रंग अर्धा, खालचा अर्धा, अर्ध्याला अर्ध्यानं गुणलं की पाव. म्हणजे रंग गडद होतो. पांढऱ्यानं गुणलं तर काहीच बदलत नाही. वॉटरकलरमध्ये वाळलेल्या वॉशवर दुसरा पातळ वॉश टाकल्यावर जे होतं, त्याच्या जवळ जाणारं हे गणित आहे.

पण सावली नाकाच्या कुठल्या बाजूला पडणार, आजीच्या डोळ्याखालची सुरकुती किती गडद, हे कुठल्या गुणाकारात आहे? कुठल्याच नाही. ते तिला बघावं लागतं.

अंडूचं खरं काय?

सरांचं दुसरं वाक्य होतं, "अंडू मारून कला येत नाही." चला, हेही तपासू.

१९८४ ला अ‍ॅपलच्या मॅकिंटॉशसोबत मॅकपेंट आलं, बिल अ‍ॅटकिन्सननं लिहिलेलं. काळं-पांढरं, १२८केबी मेमरीच्या मशीनवर चालणारं. त्यात अंडू होतं. पण किती? एक. मागचा एकच स्ट्रोक परत घेता यायचा. १९९० मध्ये फोटोशॉप आलं. त्यात लेयर आले थेट १९९४ मध्ये, तिसऱ्या आवृत्तीत. आणि बरीच पावलं मागे जाता येणारी हिस्टरी आली १९९८ मध्ये. म्हणजे डिजिटल चित्रकारांची एक अख्खी पिढी जवळपास विनाअंडू, विनालेयर काम करत होती. आणि ऑइल पेंटवाले काय, ओला रंग खरवडत नव्हते?

त्याच काळात टीव्ही स्टुडिओंत क्वांटेल पेंटबॉक्स नावाचं ब्रिटिश मशीन होतं, १९८१ चं. पेनचा दाब ओळखणारं. किंमत लाख पौंडांच्या वर. डेव्हिड हॉकनीसारख्या नामवंत चित्रकाराला बीबीसीनं त्यावर बसवलं आणि तो रमला. हाच हॉकनी सत्तरी उलटल्यावर आयफोनवर अंगठ्यानं फुलं काढत होता, आणि २०१२ मध्ये लंडनच्या रॉयल अकॅडमीत त्याची आयपॅडवरची चित्रं मोठ्या प्रिंट काढून लागली.

पण माझा आवडता किस्सा अँडी वॉरहॉलचा. १९८५ मध्ये अमिगा कॉम्प्युटरच्या लाँचला त्यानं स्टेजवर गायिका डेबी हॅरीचं पोर्ट्रेट रंगवलं. २०१४ मध्ये त्याच्या जुन्या फ्लॉपींमधून काही चित्रं परत मिळवली गेली. त्यात त्याचा तो जगप्रसिद्ध सूपचा डबा आहे, माउसनं काढलेला, रेषा वाकडी-तिकडी. पन्नाशी ओलांडलेला एवढा मोठा कलाकार, आणि मशीनसमोर पहिल्या दिवशी अगदी आपल्यासारखाच. मशीननं त्याला काहीही फुकट दिलं नाही.

मग तिला काय सांगितलं

हे सगळं मी बहिणीला सांगितलं. म्हणाली, "दादा, इतिहास ठीक आहे, पण सरांना फ्लॉपी दाखवू का?"

मुद्दा बरोबर होता. आणि खरं सांगतो, सरांची भीतीही अगदीच खोटी नाही. आता एक ओळ टाइप करून चित्र मिळतं. समोर आलेली प्रिंट हातानं घडलीय की नाही, हे त्यांनी कसं ओळखायचं? तेव्हा सिद्ध करायचं तर प्रक्रियाच दाखवायला हवी.

क्रितामध्ये रेकॉर्डर आहे. तिनं आजीला पुन्हा समोर बसवलं आणि पहिल्या रेषेपासून सगळं रेकॉर्ड केलं. आधी कच्चं स्केच. त्याची ओपॅसिटी कमी करून खाली ठेवलं. मग फक्त राखाडी रंगात उजेड-सावली, कारण व्हॅल्यू चुकली तर रंग कितीही सुंदर असून उपयोग नाही. त्यावर रंग. मल्टिप्लायचा लेयर एकच, कारण मी विचारल्यावर तीच म्हणाली, "लेयर वाढले की मी निर्णय घ्यायचं टाळते." चार तासांचं काम, तीन मिनिटांचा व्हिडिओ. त्यात डावा डोळा तिनं सहा वेळा पुसलाय, तेही दिसतं. मी म्हटलं, तेवढं कापू का? नको म्हणाली.

सरांनी व्हिडिओ फोनवर बघितला, पूर्ण. मग परत मागे नेऊन एका जागी थांबवला आणि म्हणाले, "हनुवटीखालची सावली इतकी काळी कशी? तिथे साडीचा पांढरा काठ आहे, त्याचा उजेड वर येणार ना? आणि कान खाली उतरलाय. ड्रॉइंग कच्चं आहे तुझं."

त्या रात्री परत साडेअकराला फोन. "दादा, सर ओरडले!" आणि ही हसत होती. मला आधी कळेचना. मग कळलं. सर मशीनवर ओरडले नव्हते. तिच्या ड्रॉइंगवर ओरडले होते.

मार्क किती मिळाले? माहीत नाही, अजून लागले नाहीत. पण कान तिनं वर घेतलाय.

तर मंडळी, तुमच्यापैकी कोणी फोनवर बोटानं चित्रं काढत असेल, तर आज एकच करा. एक लेयर, एक ब्रश, राखाडी रंग, आणि समोरचा चहाचा कप. अंडू वापरा, लाजू नका. पण दर वेळी स्वतःला विचारा, काय चुकलं म्हणून पुसतोय?

काढलेला कप पाठवा मला. वाकडा असला तरी चालेल, वॉरहॉलचा डबाही वाकडाच होता. भेटू पुढच्या रविवारी. काळजी घ्या, आणि हो, उतरायचं स्टेशन आलं असेल!