कोंडुराची मुळी

यंदा शिमग्याला बऱ्याच वर्षांनी सावर्ड्याला गेले होते, मामीकडे. जायच्या आधी मामेभावाचा फोन आला. "ताई, ह्या वेळी नमनातलं वगनाट्य तुझ्या आवडीचं आहे बरं का. 'कोंडुरा'वरून बसवलंय."

मी उडालेच! कोंडुरा? आणि तेही नमनात?

ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. 'कोंडुरा' ही चिं. त्र्यं. खानोलकरांची कादंबरी, १९६६ सालची. आरती प्रभू ह्या नावाने कविता लिहिणारे तेच हे. वेंगुर्ल्याजवळ समुद्रकाठी कोंडुरा नावाची जागा खरोखरच आहे. कादंबरीत परशुराम नावाच्या माणसाला कोंडुरास्वामी भेटतो. त्याच्याकडून ह्याला सिद्धी मिळते, अट ब्रह्मचर्याची. आणि मिळते एक मुळी, गर्भ पाडणारी. मग गावातल्या बड्या घरची सून, तिच्या पोटातलं मूल कोणाचं ह्याबद्दलचा संशय, आणि ती मुळी... पुढचं सांगत नाही.

मी हे पुस्तक पहिल्यांदा वाचलं ते अकरावीत, रात्री, सगळे झोपल्यावर. तेव्हापासून ते माझं लाडकं. समुद्राची गाज, अंधार, खरं की भास हे शेवटपर्यंत न कळणारा तो स्वामी! इंग्रजीतल्या भुताखेतांच्या जाडजूड कादंबऱ्यांवर मैत्रिणी बोलायला लागल्या की मी ऐटीत म्हणायचे, आमच्या कोकणात हे सगळं आधीच लिहून झालंय. श्याम बेनेगलांनी १९७८ मध्ये ह्यावर सिनेमा केला, हिंदीत 'कोंडुरा' आणि तेलुगूत 'अनुग्रहम्'. त्यात अनंत नाग, स्मिता पाटील, अमरीश पुरी अशी मंडळी होती. पण तिथे गोष्ट कोकणातून उचलून आंध्रात नेली होती. त्यामुळे आपल्या मातीतला कोंडुरा बघायची माझी हौस राहूनच गेली होती.

ती आता फिटणार होती. मांडवात मी मामीशेजारी, पुढच्या रांगेत.

आमच्या रत्नागिरीकडच्या नमनाचा क्रम ठरलेला असतो. आधी गण, मग गवळण, मग वगनाट्य. साथीला मृदंग आणि झांजा. आणि ह्यात संकासूर असतोच. काळा पेहराव, डोक्यावर उंच टोपी, कमरेला घुंगरं. वेद चोरणारा जो शंखासुर विष्णूने मत्स्यावतार घेऊन मारला, तोच हा. लहानपणी त्याची घुंगरं ऐकली की मी मामीच्या पदरात शिरायचे. तसे राक्षस आपल्या रंगभूमीवर पहिल्यापासूनच आहेत. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये सांगलीला 'सीतास्वयंवर' केलं, त्या काळच्या नाटकांत राक्षस आरडाओरडा करत यायचे आणि राळेचे भपके उडायचे. म्हणजे घाबरवणं म्हणजे मोठा आवाज आणि मोठा जाळ, हे गणित जुनंच.

मला वाटलं, कोंडुरास्वामीही असाच येणार. मनातून थोडी धास्तीच होती. आवडत्या पुस्तकाचं हसं तर होणार नाही ना?

पण बसवणाऱ्याने कमाल केली! स्वामी रंगमंचावर आणलाच नाही. मागून नुसता आवाज, तोही हळू. मृदंग बंद. मघाशी संकासूर झालेल्या मुलाचाच तो आवाज होता म्हणे. पोरंटोरं चिडीचूप. मी खूष! मनात म्हटलं, जमलं ह्यांना.

मग सून आली. सुनेचं काम एका पोरानेच केलं होतं. मघाशी गवळणीत मावशी झालेल्या पुरुषाला बघून लोक खो खो हसत होते, म्हणून वाटलं आता इथेही हशा येणार. पण त्या पोराने हातात वाटी घेतली, मुळी उगाळलेली, आणि सगळा मांडव शांत झाला. कोणी शिट्टीसुद्धा मारली नाही. बायकांच्या रांगांमध्ये तर काही जणींनी माना खाली घातल्या होत्या. मामीने माझा हात धरला होता.

परत येताना मी आपली बडबडत होते, काय कल्पना आहे ना खानोलकरांची, ती सिद्धी काय, ती मुळी काय! मामी थांबली. म्हणाली, "स्वामीचं मला माहीत नाही गो. पण मुळीत कल्पना कसली? मी लग्न होऊन आले तेव्हा माहेरच्या वाडीतली एक अशीच गेली. चार पोरं होती पदरात. पाचवं नको होतं तिला. कोणीतरी आणून दिली मुळी. दोन दिवस तळमळत होती बिचारी. लोकांना सांगितलं, ताप आला."

मामी आता चौऱ्याऐंशीची आहे. तिने हे आजवर कोणाला सांगितलं नव्हतं.

मुंबईला परत आल्यावर मी जरा शोधाशोध केली. 'कोंडुरा' आली तेव्हा, १९६६ मध्ये, गर्भपात हा १८६० च्या दंडविधानाप्रमाणे गुन्हा होता. सूट फक्त बाईचा जीव वाचवण्यासाठी. करणाऱ्याला शिक्षा होतीच, पण स्वतःचा गर्भ पाडणारी बाईसुद्धा गुन्हेगारच. डॉक्टरकडे जायची सोय नाही, मग उरतं काय? मुळी, काडी, कोणीतरी जाणतं माणूस. हे इतकं सर्रास चालायचं की सरकारने १९६४ मध्ये शांतिलाल शाह ह्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. शाह तेव्हा आपल्या महाराष्ट्राचेच आरोग्यमंत्री होते. समितीचा अहवाल आला डिसेंबर १९६६ मध्ये, म्हणजे कादंबरीच्याच वर्षी! कायदा १९७१ मध्ये झाला आणि १ एप्रिल १९७२ पासून लागू झाला. मामीच्या वाडीतली ती बाई त्याच्या आधीच गेली होती.

इतकी वर्षं मी ह्या पुस्तकात अद्भुत काय ते शोधत राहिले. कोंडुरा खरा की भास, ह्यावर मैत्रिणींशी तासन् तास भांडले. मुळी मात्र मी त्या स्वामीच्याच खात्यात टाकून दिली होती, जादूची वस्तू म्हणून. मांडवातल्या त्या बायकांना स्वामीचं कोडं पडलंच नव्हतं. त्यांची नजर वाटीवर होती. आणि ती वाटी प्यायची की नाही हे सुनेने ठरवायचं नाही, दुसऱ्याच कोणी ठरवायचं, ह्याचंही त्यांना नवल वाटलं नाही. ते त्यांनी पाहिलेलं होतं.

मला ह्याची थोडी लाज वाटली, खरं सांगते.

आता कपाटातून पुस्तक पुन्हा काढलंय. ह्या वेळी स्वामीकडे न बघता सुनेकडे बघत वाचते आहे, आणि वाचताना सारखी ती माहेरच्या वाडीतली बाई आठवते. मामीला तिचं नाव विचारलं होतं. तिने सांगितलं, पण इथे लिहू नको म्हणाली. म्हणून लिहीत नाही.

असो. घरातल्या मोठ्या मामी, आत्या, काकवांना कधी निवांतपणी विचारून बघा. पण आधी त्यांच्याशेजारी बसून एखादं नाटक बघा.