धवलारीण : लग्न लावणाऱ्या बाईचा मागोवा

अलिबाग, पेण, उरण, पनवेल या खारेपाटातल्या आगरी लग्नात भटजीच्या आधी धवलारणीला बोलावणे जाते. तिच्या हाती पोथी नसते. हळद जात्यावर दळायची, तांदळाच्या पिठाचा चौक भरायचा, ग्रामदैवताला, कुलदैवताला आणि घरातल्या गेलेल्या माणसांना लग्नाला बोलवायचे, हे सारे तिच्या गाण्यावर चालते. त्या गाण्यांना धवले म्हणतात. विधी आधी आणि गाणे सोबतीला, असे तिथे नसते. धवला म्हटला की विधी झाला.

या गाण्याचा माग काढत आपण यादवकाळापर्यंत जाऊन पोचतो. देवगिरीचा यादव राजा सिंघण याच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. त्यातल्या प्रबंधांत, म्हणजे गीतरचनांत, ओवीच्या शेजारीच धवल आणि मंगल यांची नोंद आहे. त्याच शतकाच्या उत्तरार्धात विदर्भात ऋद्धिपुरास महानुभाव पंथाचे गुरू गोविंदप्रभू यांच्या मनाने लग्नाचा सोहळा घेतला. महानुभाव भक्तांनी तो मांडला, आणि गाणी म्हणायची वेळ आली तेव्हा महदंबेने श्रीकृष्ण-रुक्मिणीच्या विवाहाचे धवळे रचून म्हटले. मराठीची आद्य कवयित्री म्हणून आपण जिला ओळखतो, तिची कीर्ती अशी लग्नगीतांवर उभी आहे. ऋद्धिपूर आणि अलिबाग यांना जोडणारा लेखी पुरावा नसला, तरी लग्नात बाईने धवळे म्हणायचे ही चाल एकच आहे. उत्तरेला वारल्यांतही तीच दिसते. तिथे सुवासिनी भिंतीवर पालघाट देवीचा चौक लिहितात आणि लग्न लावते ती धवलेरी.

मग लग्न लावण्याचा हक्क एकट्या भटजीचा कसा झाला? गावोगाव जोशीपणाचे वतन होते. यजमानाने विधी दुसऱ्याकडून करवला, तरी जोशी आपली दक्षिणा मागू शके. या हक्काला १८७३ मध्ये जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाने आव्हान दिले, आणि त्याच वर्षी भटजीवाचून लग्न लागले. जुन्नरजवळच्या ओतूरच्या अशाच लग्नांचा वाद तर उच्च न्यायालयापर्यंत गेला. पुढे १९२६ मध्ये सीताराम केशव बोले यांच्या पुढाकाराने मुंबई कायदेमंडळाने, न केलेल्या विधीची दक्षिणा मागण्याचा हक्क कायद्याने काढून टाकला. अखेर १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या कलम ७ ने वधू किंवा वर यांपैकी कोणाच्याही रूढीप्रमाणे झालेला विधी ग्राह्य धरला. सप्तपदी जिथे रूढीत आहे तिथेच ती लागते, आणि लग्न लावणारा पुरुषच हवा असे त्यात कुठेही नाही. पुण्यात सत्तरच्या दशकात बायकांना पौरोहित्य शिकवायला सुरुवात झाली तेव्हा ती मोठी नवलाई ठरली. ती थोर होतीच. पण तेव्हाच्या कुलाबा, आजच्या रायगड जिल्ह्याच्या मिठागरांकाठी बाई लग्न लावतच होती, हे त्या कौतुकात कोणी सांगितले नाही, याची मला खंत वाटते.

धवलारीण तयार होते ती दुसरीच्या मागे बसून. जाणती एक ओळ उचलते, मागच्या बायका ती परत म्हणतात. अशी मागे म्हणता म्हणता एखादीच्या तोंडी सारा क्रम बसतो : आधी कोणता देव, हळदीला कोणता धवला, मांडवात कोणता. खरी कसोटी नावांची. घरच्या पितरांची नावे प्रत्येक घरी वेगळी, म्हणून गायला बसण्याआधी ती घरातल्या म्हाताऱ्यांना विचारून घेते. नाव सुटले तर शेजारची हळूच सांगते आणि ओळ पुन्हा म्हटली जाते. हीच तिची तालीम, आणि ती भर मांडवातच होते.

आज हळदीच्या रात्री डीजे लागतो आणि धवलारणीला वेळ मिळतो तो तासाभराचा. त्या तासात मागे म्हणायला कोणी बसत नाही, आणि परंपरा तुटते ती तिथे. भटजीने तिला हटवले नाही, कायद्यानेही नाही. तुमच्या घरी यंदा लग्न असेल, तर हळदीला तासभर डीजे बंद ठेवा, आणि घरातल्या दोन मुलींना धवलारणीच्या मागे बसवा.