हौद, नळ आणि फ्लोराइड : सगळ्यांच्या पाण्यात काय घालायचं, हे ठरवायचं कोणी?

बुधवार पेठेत उभं राहून फ्लोराइडवर काय बोलणार, असं काहींना वाटलं असेल. शंका रास्त आहे. दात किडू नयेत म्हणून नळाच्या पाण्यात फ्लोराइड मिसळावं की नाही, यावर अमेरिकेत ऐंशी वर्षं भांडणं चालू आहेत. आपल्याकडे तसं मिसळलं जात नाही. पण त्या वादाच्या तळाशी जो प्रश्न आहे, तो या पेठांना चांगला ओळखीचा आहे. पाणी सगळ्यांचं असेल, तर त्यात काय असावं आणि काय नसावं, हे ठरवायचं कोणी? आज आपण हा प्रश्न पुण्यापासून सुरू करू, मग थोडं बाहेर जाऊ आणि शेवटी विदर्भात पोहोचू. तिथे हा वाद अगदी उलटा होऊन बसला आहे.

सुरुवात कात्रजपासून. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, 1749 च्या सुमारास, कात्रजच्या तलावातून शहरात पाणी आणलं गेलं. सुमारे आठ किलोमीटर लांबीचा, जमिनीखालून जाणारा, माणूस आत शिरू शकेल एवढा बांधीव नळ. पंप नाही, काही नाही, सगळं उतारावर. वाटेत ठिकठिकाणी उच्छ्वास ठेवलेले. तिथे पाण्याचा वेग मंदावायचा, गाळ खाली बसायचा आणि वरचं नितळ पाणी पुढे जायचं. म्हणजे या पाण्यात काही घालायचं नव्हतं, फक्त काढायचं होतं. ते पाणी हौदांत यायचं आणि लोक हौदावरून भरायचे. काळा हौद, फडके हौद, नाना हौद ही नावं आपण आजही रिक्षावाल्याला पत्ता सांगताना घेतो.

हौदाची एक गंमत होती. या हौदाचं पाणी पसंत नाही? दुसऱ्या हौदावर जा. तेही नको? वाड्यातली विहीर आहेच. पाणी नाकारण्याची सोय होती. पण मंडळी, ही सोय कोणाला होती, हे विचारल्याशिवाय आपल्याला पुढे जाता येणार नाही. अस्पृश्य मानलेल्या माणसाला हौदाला हात लावायची मुभाच नव्हती. कोणी वरून ओतेल तेव्हा प्यायचं. त्याच्या दृष्टीने निवड वगैरे शब्दांना काही अर्थच नव्हता. म्हणून 1868 साली जोतीराव फुल्यांनी गंज पेठेतल्या आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, ही घटना पाण्याच्या इतिहासात फार मोठी आहे. पुढे याच परंपरेतले सत्यशोधक डॉक्टर विश्राम रामजी घोले यांनी इथे बुधवारात, लहान वयात गेलेल्या आपल्या लेकीच्या आठवणीसाठी सार्वजनिक हौद बांधला. तोच आपला बाहुलीचा हौद.

मग आला नळ. खडकवासल्याचं धरण 1879 च्या सुमारास पुरं झालं आणि हळूहळू नळाचं पाणी घराघरांत आलं. आज ऐकून हसू येईल, पण हे पाणी सहजासहजी स्वीकारलं गेलं नाही. नळाच्या तोटीत चामड्याचा वायसर असतो, मग ते पाणी सोवळ्यात कसं चालणार? शिवाय हे पाणी कोणाकोणाच्या हातून येतं, कोण जाणे. कित्येक घरांत वापरायला नळाचं पाणी आणि देवाला, स्वयंपाकाला विहिरीचं, अशी वाटणी बरीच वर्षं चालली.

आपण याला नुसती सोवळ्याओवळ्याची खुळं म्हणून सोडून देतो. जातीचा अहंकार त्यात होता, ते नाकारायचं कारण नाही. पण त्यात आणखी एक गोष्ट होती. नळ आला तेव्हा पाणी पहिल्यांदाच नजरेआड गेलं. विहीर आपण बघतो, हौद आपण बघतो. नळामागे काय चाललंय, ते दिसत नाही. आणि एकाच नळातून ब्राह्मणालाही तेच पाणी, महारालाही तेच. नळाने निदान पाण्यापुरती पंगत एक केली. त्याची किंमत अशी, की नाकारण्याची जुनी सोय गेली. हे दोन्ही एकाच वेळी घडलं. आजच्या व्याख्यानात एवढी एक गोष्ट आपण लक्षात ठेवली, तरी पुढचं सगळं नीट कळेल.

आता पाण्यात ‘घालण्या’कडे येऊ. कॉलऱ्याच्या साथीत विहिरींमध्ये पोटॅशियम परमँगनेट टाकायची पद्धत इंग्रजी अमदानीत सुरू झाली. पाणी जांभळं-गुलाबी व्हायचं आणि माणसं बिचकायची. सरकारी माणूस येतो, विहिरीत काहीतरी टाकतो, पाण्याचा रंग बदलतो. घाबरणार नाही तर काय! त्यानंतर आलं क्लोरीन. त्याची सुरुवातीची कथा ऐकण्यासारखी आहे. 1908 साली अमेरिकेतल्या जर्सी सिटीच्या पाण्यात डॉक्टर जॉन लील यांनी क्लोरीनयुक्त चुना मिसळायला सुरुवात केली. शहराला न विचारता! पाणी शुद्ध देण्यावरून कंपनी आणि शहर यांच्यात खटला चालूच होता, त्यात हे उघड झालं. शेवटी निकाल लील यांच्या बाजूने गेला आणि पुढे जगभर क्लोरीन पसरलं. विषमज्वर, कॉलरा यांना आळा बसला. लील यांचं विज्ञान बरोबर होतं. पण लोकांना विचारलं नव्हतं, हेही तितकंच खरं.

आपल्याकडे 1927 साली महाडला काय झालं, ते या संदर्भात आठवून बघा. 20 मार्चला डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे सहकारी चवदार तळ्याचं पाणी प्यायले. त्यानंतर सनातनी मंडळींनी ‘शुद्धी’साठी तळ्यात काय ओतलं? शेण, गोमूत्र, दूध, दही. घागरीच्या घागरी. म्हणजे पाण्यात काही घालायला या लोकांचा विरोध नव्हताच. प्रश्न होता, शुद्ध म्हणजे काय हे ठरवण्याचा अधिकार कोणाचा. तो खटला मुंबई उच्च न्यायालयात 1937 साली संपला, अस्पृश्यांच्या बाजूने.

आता फ्लोराइड. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रेडरिक मॅके हे दंतवैद्य कोलोरॅडोत आले. तिथल्या माणसांच्या दातांवर तपकिरी डाग होते, पण ते दात किडत कमी होते. कारण सापडायला 1931 उजाडलं. पाण्यातलं फ्लोराइड! जास्त झालं तर डाग, अगदी थोडं असेल तर दाताला बळकटी. मग 25 जानेवारी 1945 रोजी मिशिगनमधल्या ग्रँड रॅपिड्स शहरात पाण्यात मुद्दाम फ्लोराइड मिसळायला सुरुवात झाली. लहान मुलांच्या दातांची कीड लक्षणीय कमी झाली आणि ही पद्धत शेकडो शहरांत गेली.

विरोध लगेचच सुरू झाला. हा कम्युनिस्टांचा कट आहे, इथपर्यंत लोक बोलले. ते सोडून देऊ. पण एक आक्षेप टिकला : क्लोरीन पाणी शुद्ध करतं, फ्लोराइड माणसाला औषध म्हणून दिलं जातं, आणि संमतीशिवाय औषध देता येतं का? नेदरलँड्सच्या सर्वोच्च न्यायालयाने 1973 साली सांगितलं, की कायद्याचा आधार नसताना हे करता येणार नाही. स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहराने 1962 मध्ये सुरू केलेलं मिश्रण 2003 मध्ये थांबवलं. तिथे फ्लोराइडवालं मीठ मिळतं आणि बिनफ्लोराइडचंही. ज्याला जे हवं ते त्याने घ्यावं. उलट कॅनडातल्या कॅल्गरीने 2011 मध्ये फ्लोराइड बंद केलं, मुलांचे दात बिघडल्याचं दिसलं, मतदान झालं आणि 2025 मध्ये ते पुन्हा सुरू केलं. त्याच वर्षी अमेरिकेतल्या युटा राज्याने मात्र बंदी घातली. आता घरोघरी फ्लोराइडची टूथपेस्ट आल्यामुळे पाण्यातल्या फ्लोराइडचा फायदा पूर्वीइतका राहिलेला नाही, असंही अलीकडचा अभ्यास सांगतो. म्हणजे वाद मिटलेला नाही, आणि दोन्ही बाजूंना सगळी माणसं वेडी नाहीत.

आता आपल्या घरी येऊ. भारतात फ्लोराइडची गोष्ट उलटी आहे. 1937 मध्ये तेव्हाच्या मद्रास इलाख्यातल्या नेल्लोर भागात डॉक्टरांना वाकलेल्या, ताठरलेल्या कण्याची माणसं आढळली. कारण होतं विहिरींच्या पाण्यातलं फ्लोराइड, निसर्गानेच घातलेलं. आपल्याकडे यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडमधला किनवटचा भाग इथे हेच दुखणं आहे. मुलांचे दात पिवळे-तपकिरी, मोठ्यांचे गुडघे आणि पाठ आखडलेली. आणि यातला दैवदुर्विलास पाहा. उघड्या विहिरीच्या पाण्याने जुलाब होतात, कॉलरा होतो, म्हणून दुष्काळानंतरच्या वर्षांत गावोगाव बोअर घेतले, हातपंप बसवले. हेतू चांगलाच होता. जंतू गेले. पण खोल खडकातलं फ्लोराइड वर आलं. क्लोरीनला वास येतो, परमँगनेटला रंग असतो. फ्लोराइडला रंग नाही, वास नाही, चव नाही. तपासल्याशिवाय कळायचा मार्गच नाही.

भारतीय मानकाप्रमाणे लिटरला 1 मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड ठीक, दुसरं पाणीच नसेल तर 1.5 पर्यंत चालवून घ्यायचं. अमेरिकेत दातांसाठी मिसळतात ते 0.7. किती थोडं अंतर आहे बघा! आणि विदर्भातल्या मे महिन्यात, शेतात राबणारा माणूस दिवसाला किती लिटर पाणी पितो? त्याच्या पोटात जाणारी मात्रा मिशिगनच्या माणसाएवढी कशी राहील? नागपूरच्या नीरी संस्थेने फ्लोराइड काढायची नलगोंडा पद्धत बसवली. त्यात पाण्यात तुरटी, चुना आणि ब्लीचिंग पावडर घालायची, ढवळायचं आणि निवळू द्यायचं. आपल्या आज्या गढूळ पाण्यात तुरटी फिरवायच्या, त्याचीच ही शास्त्रीय नात. पण ती रोज, मापात, कोणीतरी नेमाने करावी लागते. तिथेच गाडी अडते.

म्हणून ‘फ्लोराइड चांगलं की वाईट’ असं कोणी विचारलं, तर आपण उलट विचारायला हवं : कुठे, किती आणि मोजतंय कोण? 2025 च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याच्या परिसरात जीबीएसचे रुग्ण वाढले आणि संशय पाण्यावर गेला. तेव्हा पुणेकर काय विचारत होते? पाण्यात क्लोरीन का घातलं, असं कोणी विचारलं नाही. पुरेसं घातलं होतं का, असं विचारलं. ज्यांच्या पणज्यांनी वायसरच्या चामड्यावरून नळ नाकारला, त्यांच्या पतवंडांचा हा प्रश्न आहे. दीडशे वर्षांत आपण एवढे पुढे आलो, हे थोडंथोडकं नाही.

मागे जाऊन प्रत्येकाची वेगळी विहीर करायची, हा यावरचा उपाय नव्हे. आज ती विहीर म्हणजे घरातलं फिल्टरचं मशीन आणि वीस लिटरचा जार. ज्याला परवडतं तो नाकारतो; ज्याला परवडत नाही तो येईल ते पितो. म्हणजे हौदाच्या काळची विषमताच परत आली, फक्त जातीच्या जोडीला पैसा आला. एकाच नळाचं पाणी सगळ्यांनी प्यायचं, ही फुल्यांपासूनची कमाई आहे, ती सोडायची नाही. पण नाकारण्याची सोय ज्याच्यापाशी नाही, त्याला निदान जाणण्याचा हक्क तरी हवा. आपल्या वॉर्डातल्या, आपल्या गावातल्या पाण्यात क्लोरीन किती, फ्लोराइड किती, शेवटचं कधी तपासलं, हे चौकातल्या फळ्यावर मराठीत लिहिलेलं असावं. किनवटच्या आईला ते आधी कळलं, तर तिच्या मुलाचे दात आणि तिच्या सासऱ्यांची पाठ वाचू शकते. इतकं साधं आहे हे. आणि फळा रिकामा दिसला, तर विचारायला जाणं हे आपलं काम आहे.

आता प्रश्न घेऊ.