सायपिंग : ट्रकच्या टायरवरील बारीक चिरांचे शास्त्र

दौलतराव शिंदे यांच्या फौजेच्या छावणीतून १८१० च्या सुमारास उभे राहिलेले ग्वाल्हेरचे लष्कर आज मालवाहतुकीच्या प्रमुख वाटेवर आहे. श्रीनगर-कन्याकुमारी राष्ट्रीय महामार्ग ४४ ग्वाल्हेरवरून जातो. जुना आग्रा-मुंबई रस्ताही येथूनच शिवपुरीकडे वळतो. येथील ट्रकला वर्षभरात बनिहालचा बर्फ, नागपूरचा पाऊस आणि वाट बदलल्यास चोर्ला-अनमोडचे निसरडे घाटही भेटू शकतात. अशा प्रवासासाठी टायरवर चिरा पाडून घ्याव्यात काय, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा ठरतो.

सायपिंग म्हणजे काय?

टायरच्या नक्षीतील रुंद खाचांमधील रबरी ठोकळ्यांवर पातळ पात्याने पाडलेल्या अरुंद चिरांना ‘साइप’ म्हणतात. त्यांची रुंदी साधारणतः एक मिलिमीटरहून कमी असते. जॉन एफ. साइप या अमेरिकी संशोधकाला १९२३ मध्ये मिळालेल्या पेटंटवरून हे नाव रूढ झाले. ओल्या, निसरड्या फरशीवर पाय घसरू नये म्हणून त्याने बुटांच्या तळव्यांना चिरा पाडल्या, असे सांगितले जाते.

चिरा काम कशा करतात?

रुंद खाचा साचलेले पाणी बाहेर फेकतात. उरलेला पाण्याचा पातळ थर चिरांच्या कडा तोडतात आणि रबराचा रस्त्याशी थेट संबंध येतो. बर्फावर चिरा किंचित उघडतात, त्यांत बर्फ अडकतो, आणि बर्फाला बर्फाचीच पकड मिळते. हिवाळी टायरमध्ये अशा चिरा कारखान्यातच साच्याने घडवलेल्या असतात. ठोकळे फार हलू नयेत म्हणून कित्येकदा त्या आतून नागमोडी ठेवल्या जातात.

मर्यादा

कारखान्यातील चीर आणि नंतर पात्याने पाडलेली चीर यांत मोठा फरक आहे. अमेरिकेतील ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ या ग्राहक संस्थेने मोटारींच्या टायरवर घेतलेल्या चाचणीत, चिरा पाडल्यावर बर्फावरील पकड थोडी सुधारली. मात्र ओल्या आणि कोरड्या रस्त्यावर थांबण्याचे अंतर वाढले. कारण उघड आहे. चिरांमुळे ठोकळे मऊ होतात आणि ब्रेक लावताना वाकतात. ट्रकच्या भाराखाली, खडबडीत रस्त्यावर रबराचे तुकडे निघण्याचा धोकाही असतो. चीर पोलादी तारांच्या पट्ट्यापर्यंत पोहोचली, तर पाणी आत शिरून तारा गंजतात आणि टायर अकस्मात फाटू शकतो.

टायर पाण्यावर तरंगण्याचा वेग मुख्यतः हवेच्या दाबावर अवलंबून असतो. ‘नासा’च्या प्रसिद्ध सूत्रानुसार ३० पीएसआय दाबाला हा वेग ताशी सुमारे ९० किमी, तर १०० पीएसआयला सुमारे १६५ किमी येतो. त्यामुळे भरलेला ट्रक सहसा तरंगत नाही. रिकाम्या ट्रकच्या टायरचा रस्त्यावरील ठसा मात्र आखूड व रुंद होतो आणि हा वेग बराच खाली येतो. माल उतरवून परतणाऱ्या चालकाने पावसात अधिक जपावे, ते यासाठीच.

‘कटिंग’ म्हणजे सायपिंग नव्हे

झिजलेल्या टायरवर तापलेल्या पात्याने पुन्हा खाचा कोरण्याचे काम सायपिंगहून वेगळे आहे. ज्या टायरच्या बाजूवर ‘रीग्रूव्हेबल’ असा ठसा असतो, त्यालाच तळाशी त्यासाठी जादा रबर दिलेले असते. इतर टायरवर कोरलेली नक्षी केवळ नवेपणाचा आभास निर्माण करते; तारांवरचे संरक्षक कवच मात्र त्यामुळे पातळ होते.

नियम आणि दक्षता

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार ट्रक-बसच्या टायरची नक्षी किमान १.६ मिमी खोल असावी लागते. खाचांच्या तळाशी असलेल्या उंचवट्यांपर्यंत रबर झिजले, की टायर बदलण्याची वेळ झाली असे समजावे. ऑक्टोबर २०२२ पासून नव्या रचनेच्या टायरना ओल्या रस्त्यावरील पकडीचे निकषही लागू झाले आहेत.

पावसासाठी चिरांपेक्षा पुरेशी खोल नक्षी, भारानुसार योग्य हवा आणि कमी वेग हेच अधिक भरवशाचे उपाय आहेत. बर्फाच्या वाटेवर हिवाळी टायर किंवा साखळ्या वापराव्यात. तरीही चिरा पाडून घ्यायच्याच असतील, तर उत्पादकाची संमती आधी विचारावी. अन्यथा हमी रद्द होऊ शकते.