क्लॉक कोणाचं?

परवा माळा आवरताना एक जाडजूड केबल हाती लागली. एका टोकाला साठ पिनांचं चपटं तोंड, दुसऱ्या टोकाला मुठीएवढा काळा ठोकळा. लेकीने विचारलं, "हे कशाचं?" सांगायला अर्धा तास लागला. तेच इथे लिहितोय.

गोष्ट २००४ची. आम्ही वारजे माळवाडीत राहायचो. वारजे १९९७ साली महापालिकेत आलं होतं, पण बसमध्ये लोक "गावात उतरायचंय" असंच म्हणत. मी बी.कॉम. होऊन कॉम्प्युटर दुरुस्तीची कामं करत होतो आणि डोक्यात सीसीएनए शिरलं होतं. सिस्कोने १९९८ साली काढलेली ही परीक्षा तेव्हा पुण्यातल्या पोरांना नोकरीची शिडी वाटायची. क्लासमध्ये राऊटरवर हात ठेवायला मिळायचा दहा मिनिटं. म्हणून मी आणि एका मित्राने पैसे जमवून मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून दोन जुने २५०१ राऊटर आणले. डेक्कन क्वीनने, मांडीवर घेऊन. बाबा एवढंच म्हणाले, "भंगार घरात आणलंस." माझे साठवलेले सगळे पैसे त्यात गेले होते, त्यामुळे ते फार लागलं.

(मावशी, तुझ्यासाठी: राऊटर म्हणजे पोस्टातला टपाल वेगळं करणारा माणूस. कुठलं पाकीट कुठल्या पिशवीत, हे तो ठरवतो.)

दोन गावांतले राऊटर तेव्हा टेलिफोन खात्याच्या लीज्ड लाइनवरून बोलत. राऊटर, मग मोडेम, मग एक्स्चेंज, मग पलीकडे पुन्हा तेच उलट क्रमाने. आमच्या टेबलावर मधलं काहीच नव्हतं. अशा वेळी दोन अर्ध्या केबली घ्यायच्या, एक डीटीई आणि एक डीसीई, त्यांचे ठोकळे एकमेकांत बसवायचे आणि दोन राऊटर पाठीला पाठ लावून जोडायचे. आम्ही जोडले. पडद्यावर आलं: सिरीयल अप, लाइन प्रोटोकॉल डाउन. दोन संध्याकाळी तेच. केबल उलटसुलट केली, स्क्रू आवळले, विक्रेत्याला शिव्या घातल्या.

तिसऱ्या दिवशी बाबा मागे येऊन उभे राहिले. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेला माणूस, कॉम्प्युटरला कधी हात न लावलेला. त्यांनी विचारलं, "क्लॉक कोणाचं?"

मला प्रश्नच कळला नाही. ते म्हणाले, "अरे, बिट कधी वाचायचा हे दोघांपैकी एकाने ठरवायला नको? आमच्याकडे एक्स्चेंज देतं. तुझ्याकडे एक्स्चेंज कुठाय?"

पुस्तकात ती ओळ होतीच: डीसीईच्या बाजूला क्लॉक रेट द्या. मी ती वाचून पुढे गेलो होतो. पुस्तक अमेरिकन, त्यात ५६००० लिहिलेलं. तेवढं टाकलं आणि लाइन उठली. बाबा म्हणाले, "छप्पन्न का? चौसष्ट टाक." मग खाटेवर बसून त्यांनी जे सांगितलं ते कुठल्याच क्लासमध्ये ऐकलं नव्हतं.

टेलिफोनवर आवाज साधारण ३४०० हर्ट्झपर्यंतच जातो. तो आकड्यांत उतरवायचा तर सेकंदाला ८००० वेळा मोजायचा, दर मोजणीला ८ बिट. झाले ६४,०००. ही कल्पना ॲलेक रीव्ज या इंग्रज इंजिनियरने १९३७ साली मांडली. तेव्हाच्या व्हॉल्व्हवर ती परवडणारी नव्हती. अमेरिकेत बेलने रोजच्या वापरात आणली १९६२ साली, एका लाइनवर २४ संभाषणं. पण घंटी वाजली, फोन उचलला, हे निरोप पाठवायला ते अधूनमधून आठवा बिटच वापरायचे. कानाला फरक कळत नाही, डेटाला कळतो. म्हणून भरवशाचे बिट सात, आणि ७ गुणिले ८००० म्हणजे ५६,०००. आपण युरोपची पद्धत घेतली: ३२ खाने, त्यातले ३० बोलण्याला आणि निरोपांना सोळावा खाना वेगळा. "आपल्याकडे चोरी नाही," बाबा म्हणाले, जणू ती पद्धत त्यांनीच ठरवली होती.

त्या रात्री त्यांनी डीसीईच्या ठोकळ्यावर पांढरी चिकटपट्टी लावून "क्लॉक इथून" असं लिहिलं. पुढे गुरुवारी वीज गेली की सेव्ह न केलेलं सगळं पुसलं जायचं, आणि मी नावं उच्चारत पुन्हा टाइप करताना बाबा समोर बसून असायचे. भंगार हा शब्द पुन्हा निघाला नाही.

मी २००५ साली पास झालो. त्याच वर्षी क्रिस्तोफ फियो या फ्रेंच माणसाने डायनामिप्स लिहायला घेतलं आणि राऊटर साध्या कॉम्प्युटरच्या आत चालू लागले. केबल नाही, स्क्रू नाही. सीसीएनएमधून सिरीयल लाइन २०२०च्या फेब्रुवारीत गेली, आणि आम्हा लोकांची ती टेबलं त्याच्या कितीतरी आधी मोकळी झाली होती. आमचे दोन्ही राऊटर घर बदलताना किलोवर विकले. किती आले ते सांगत नाही.

बाबांना जाऊन आता सहा वर्षं झाली. केबल सापडल्यावर मी आधी ठोकळा उलटा करून पाहिला. पट्टी नव्हती. ही डीटीईची बाजू. दुसरी बहुतेक राऊटरला लागूनच गेली असावी.