पक्षीरक्षणाचा संदेश : चबुतऱ्यापासून मोबाईलपर्यंत

जिंतूरजवळील नेमगिरीचे दर्शन घेऊन परतणाऱ्या प्रत्येक श्रावकास भगवान नेमिनाथांची कथा ठाऊक असते. विवाहप्रसंगी कोंडून ठेवलेल्या मुक्या जीवांचा आक्रोश कानी पडला आणि नेमकुमारांनी आपला रथ माघारी फिरविला. आक्रोश ऐकू आला, म्हणून करुणेला वाट मिळाली. परंतु जो आक्रोश कोणाच्या कानी पडतच नाही, त्याचे काय? शहरांतील पाखरांवर आलेले संकट हे असेच मूक संकट आहे. ते लोकांच्या कानी घालण्याचे काम गेल्या पंधरा-सोळा वर्षांत समाजमाध्यमांनी मोठ्या प्रमाणावर केले. त्या कार्याचा हा संक्षिप्त आढावा.

पक्ष्यांविषयीची दया जैन समाजाला नवी नाही. गावोगावचे चबुतरे, उन्हाळ्यात झाडांना बांधलेली पाण्याची भांडी, सकाळी दुकान उघडण्यापूर्वी टाकलेले मूठभर धान्य ही त्या दयेची जुनी रूपे होत. दिल्लीच्या चांदणी चौकात जैन समाजाने १९२९ साली जखमी पक्ष्यांसाठी रुग्णालय सुरू केले. पुढे १९५७ मध्ये लाल मंदिराच्या आवारात त्यास स्वतंत्र इमारत लाभली. मुनिमहाराजांची प्रवचने, मंदिरातील सूचनाफलक आणि वृत्तपत्रे यांच्याद्वारे तेव्हा जीवदयेचा संदेश पोहोचत असे. त्याचा वेग मंद होता, परंतु सांगणारा माणूस ओळखीचा असे.

मधल्या काळात घरे बदलली. सेलू-परभणीच्या परिसरातील माळवदाच्या घरांत सरांच्या फटीत, कोनाड्यात, भिंतीवरील तसबिरीमागे चिमणी हक्काने घरटे करी. सिमेंटच्या सपाट भिंतींनी तिची ती जागा हिरावून घेतली. अंगणात धान्य निवडणे, पाखडणे कमी झाले आणि पिशवीबंद धान्य घरात आले. चिमणी घरातून गेली, पण ती कधी गेली हे कोणाच्याच ध्यानी आले नाही.

ही गोष्ट जगाच्या नजरेस आणून देण्यात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. नाशिकचे मोहम्मद दिलावर यांच्या ‘नेचर फॉरएव्हर सोसायटी’च्या पुढाकाराने २० मार्च २०१० रोजी पहिला जागतिक चिमणी दिन साजरा झाला. त्याच वर्षी जुलै महिन्यात भारतीय टपाल खात्याने चिमणी व कबुतर यांची तिकिटे काढली. २०१२ साली दिल्लीने चिमणीला राज्यपक्ष्याचा मान दिला. त्याच वर्षी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी व इतर संस्थांनी सामान्य नागरिकांकडून इंटरनेटद्वारे चिमण्यांची माहिती मागविली, तेव्हा दहा हजारांहून अधिक नोंदी जमा झाल्या. पुढे मार्च महिना आला की फेसबुक आणि व्हॉट्सअॅपवर घरट्याच्या पेट्यांची व पाण्याच्या परळांची छायाचित्रे फिरू लागली.

संक्रांतीच्या मांज्याबाबतही असेच घडले. नायलॉनचा दोरा कुजत नाही. पतंग कटला तरी झाडावर, तारांवर तो महिनोन्महिने लोंबकळत राहतो आणि पाखरांचे पंख व गळे कापतो. राष्ट्रीय हरित लवादाने ११ जुलै २०१७ रोजी अशा मांज्यावर देशभर बंदी घातली. गुजरात शासनाने २०१७ पासून संक्रांतीच्या दिवसांत ‘करुणा अभियान’ सुरू केले. जखमी पक्ष्यासाठी जवळचे उपचार केंद्र कोठे आहे, हे तेथे व्हॉट्सअॅपवरूनही कळू लागले. संदेश वेळेवर पोहोचला तर जीव वाचतो, याचे हे ठळक उदाहरण होय.

मात्र या इतिहासाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. मोबाईल मनोऱ्यांच्या लहरींमुळे चिमण्या मरतात, हा संदेश लाखो लोकांनी पुढे पाठविला. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या ‘भारतातील पक्ष्यांची स्थिती’ या अहवालाने मात्र वेगळे चित्र मांडले. देशभराचा विचार करता चिमणीची संख्या बरीचशी स्थिर आहे, मोठ्या शहरांत ती घटली आहे, आणि मनोऱ्यांच्या लहरींना दोष देण्याजोगा पुरावा आढळलेला नाही, असे त्यात नमूद आहे. अन्न, विशेषतः पिलांना लागणारे कीटक, आणि घरट्याची जागा यांची टंचाई ही कारणे अधिक संभवनीय मानली गेली. मनोऱ्यास दोष देणे सोपे आहे. भिंतीत एक कोनाडा राखणे किंवा परसात देशी झुडूप लावणे यास मात्र थोडे कष्ट पडतात. चुकीच्या संदेशाने हे कष्ट विसरावयास लावले.

२०२५ साली मुंबईतील दादरच्या कबुतरखान्याचा प्रश्न न्यायालयात गेला, तेव्हाही दोन्ही बाजूंनी संदेशांचा वर्षाव झाला. पिढ्यान्पिढ्यांच्या दाणा टाकण्याच्या व्रतावर घाला आला, अशी भावना समाजात उमटली. तर कबुतरांच्या विष्ठेमुळे फुप्फुसांचे विकार होऊ शकतात, हे वैद्यकशास्त्र सांगत होते. भावना खरी होती आणि वैद्यकांचे म्हणणेही खरे होते. परंतु परस्परांना दूषणे देणाऱ्या संदेशांच्या गर्दीत ना माणसाचे आरोग्य सुधारले, ना पाखराचे पोट भरले. शहरांत कबुतरे वाढत असताना इतर अनेक पक्षी घटत आहेत, याकडेही फारसे कोणाचे लक्ष गेले नाही.

पंच अणुव्रतांत अहिंसेच्या पाठोपाठ सत्य येते. पक्षीरक्षणाच्या या इतिहासातही हाच क्रम दिसतो. करुणेने माणूस संदेश पाठवितो, परंतु सत्याची जोड नसेल तर ती करुणा वाट चुकते. व्यापारी माल घेताना जशी पारख करतो, तशीच पारख संदेश पुढे पाठविण्यापूर्वी झाली पाहिजे. जखमी पक्षी आढळला तर ठिकाण, दिवस आणि वेळ संदेशात असावी. त्यास उपचार मिळाल्यावर तेही कळवावे, म्हणजे जुना संदेश विनाकारण फिरत राहणार नाही.

सुवर्णमहोत्सवी वर्षात नव्या पिढीच्या हाती मोबाईल आहे आणि जुन्या पिढीजवळ चबुतऱ्याचे संस्कार आहेत. मराठवाड्याच्या चैत्र-वैशाखात पाण्याने भरलेला एक परळ, संक्रांतीनंतर झाडावरून काढलेला मांज्याचा एक गुंता आणि पारखून पाठविलेला एक खरा संदेश, एवढे प्रत्येक घरातून घडले, तरी नेमकुमारांना ऐकू आलेला तो आक्रोश आजच्या काळातही ऐकला गेला, असे म्हणता येईल.